रिपोर्टात फेरिक ऑक्साइड आहे, म्हणून दगडात हेमॅटाइट असतंच असं नाही

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी रेणापूरजवळच्या आमच्या रानातल्या विहिरीचा काळा दगड एक्सआरएफ चाचणीला दिला होता. रिपोर्ट आला : सिलिका ४९ टक्के, फेरिक ऑक्साइड १३ टक्के. मी तक्त्यात सरळ ‘हेमॅटाइट १३ टक्के’ असं लिहिलं आणि घरी फोन करून सांगितलं, “आपल्या रानात लोखंडाचं धातुक आहे.” काकांनी विहिरीचा दगड कुणाला द्यायचा नाही, असं ठरवूनही टाकलं. गाईडनी तक्ता पाहून एकच विचारलं, “एक्सआरडी केलं का?”

केलं नव्हतं. चूक नेमकी काय होती, ते आधी समजून घेऊ.

एक्सआरएफ यंत्र मूलद्रव्यं मोजतं, खनिजं नाही. ऑक्सिजन मात्र त्यावर नीट मोजता येत नाही. म्हणून प्रत्येक मूलद्रव्य त्याच्या ऑक्साइडच्या रूपात लिहायची रीत आहे. दगडातलं लोह फेरस असो की फेरिक, सगळं मिळून ‘एकूण फेरिक ऑक्साइड’ या एका रकान्यात जातं. म्हणजे तो हिशेबाचा रकाना आहे, खनिजाचं नाव नाही.

आता गणित करू. फेरिक ऑक्साइडात लोहाचे २ अणू (२ × ५६ = ११२) आणि ऑक्सिजनचे ३ (३ × १६ = ४८). १६० पैकी ११२, म्हणजे ७० टक्के लोह. शुद्ध हेमॅटाइटमध्ये एवढं लोह असतं. माझ्या दगडात १३ च्या ७० टक्के, म्हणजे जेमतेम ९ टक्के. दख्खनच्या बेसाल्टला हा आकडा अगदी नेहमीचा.

शिवाय ते ९ टक्के लोह एका ठिकाणी नसतं. बरंचसं ऑजाइटमध्ये, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांच्या सिलिकेटमध्ये अडकलेलं असतं. थोडं टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटच्या बारीक कणांत असतं. ओढ्याच्या वाळूत लोहचुंबक फिरवला की चिकटतात ते काळे कण बहुधा हेच. सिलिकेटमधून लोह सोडवायला इतका खर्च येतो की ते काढणं परवडत नाही. धातू फायद्यात काढता येतो तेच धातुक. नुसता धातू असून भागत नाही.

उलट उदाहरण विदर्भातलं. पायरोल्युसाइट म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. त्यात मँगनीज ६३.२ टक्के. ब्राउनाइटमध्ये मँगनीजचे ७, सिलिकॉनचा १ आणि ऑक्सिजनचे १२ अणू, मँगनीज ६३.६ टक्के. आकडे जवळपास सारखेच. पण भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीचं डायऑक्साइड धातुक कोरड्या बॅटरीला चालतं, ब्राउनाइट तिथे चालत नाही. ते मिश्रधातूंच्या भट्टीकडे जातं. फरक टक्केवारीत नाही, अणूंच्या मांडणीत आणि मँगनीजच्या संयुजेत आहे. ती मांडणी एक्सआरडी दाखवतं.

माझ्या नमुन्याच्या एक्सआरडीत प्लॅजिओक्लेज आणि ऑजाइटची शिखरं ठळक होती. हेमॅटाइटचं एकही ओळखू आलं नाही. खरं तर यंत्राआधीच कळायला हवं होतं : हेमॅटाइटची पूड तांबडी असते आणि माझी पूड राखाडी होती. खलबत्त्यात मीच कुटली होती! रिपोर्टाच्या भरवशावर मी हातातल्या पुडीकडे नीट पाहिलंच नाही.

तेव्हा प्रबंधाचा तक्ता करताना एवढं सांभाळा. रासायनिक विश्लेषणाच्या तक्त्यात ऑक्साइडचीच नावं लिहा. खनिजाचं नाव एक्सआरडी किंवा सूक्ष्मदर्शकाचा पुरावा हाती आल्यावरच लिहा. आणि धातुक हा शब्द खर्चाचा हिशेब केल्याशिवाय वापरू नका, निदान घरी फोनवर तरी.

काकांना सगळं समजावलं. ते म्हणाले, “मग आता बांधाला टाकू का?” टाकला. पावसाळ्यात बांध फुटला नाही.