कॅल्शियमचा जमाखर्च

नखावर पांढरा ठिपका दिसला, गुडघा वाजला, शाळकरी पोर पाटीवरची पेन्सिल कुरतडताना सापडले किंवा बाळंतिणीची कंबर धरली, की आपल्याकडे निदानासाठी वैद्याची वाट पाहिली जात नाही. ‘कॅल्शियम कमी झाले’ हा निकाल घरातील वडीलधारी मंडळी तत्काळ देतात आणि त्याची अंमलबजावणीही त्याच दिवशी दुधाच्या पेल्याने अथवा गोळ्यांच्या पाकिटाने होते. या निकालामागची समजूत सरळ आहे: कॅल्शियम हा एक पांढरा पदार्थ असून तो पोटातून शरीरात भरावयाचा असतो, भरला की हाडे बळकट होतात आणि राहून गेला की ती ठिसूळ होतात. या समजुतीत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती इतकी चिवट आहे. परंतु शरीरात कॅल्शियम किती आहे याच्या बरोबरीने, किंबहुना त्याहूनही अधिक, ते कोठून कोठे आणि कोणाच्या हुकमाने जाते याला महत्त्व आहे, आणि नेमका हाच भाग त्या समजुतीतून सपशेल निसटतो.

आरंभ पांढरेपणापासूनच करावा. कॅल्शियम हा धातू आहे, आणि शुद्ध स्वरूपात तो लोखंडाहून कितीतरी हलका व रुपेरी दिसतो. १८०८ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी, स्टॉकहोम येथील बर्झेलियस आणि पाँटिन यांच्या प्रयोगाचा धागा धरून, ओलसर चुना व पाऱ्याचे ऑक्साइड यांच्या मिश्रणातून विद्युत्प्रवाह सोडला, पाऱ्याशी एकजीव झालेला तो धातू मिळविला आणि पारा उडवून लावून त्यास प्रथमच वेगळे केले. हवेत ठेवला की तो लवकरच काळवंडतो, पाण्यात टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे सोडीत विरतो. म्हणूनच निसर्गात तो एकटा कधीच आढळत नाही. भूकवचात विपुलतेच्या दृष्टीने त्याचा क्रमांक पाचवा लागतो. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टमध्ये तो आहे, काळ्या जमिनीत नांगराच्या फाळाला लागणाऱ्या चुनखडीच्या कंकरात तो आहे, आणि सूर्याच्या वातावरणातही तो आहे. कोडाईकनालच्या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून सूर्याची जी छायाचित्रे घेतली गेली, त्यांतील एक मोठी मालिका कॅल्शियमच्याच प्रकाशरेषेतील आहे. दुधाचा शुभ्र रंग मात्र कॅल्शियमचा नव्हे. दुधातील केसीन या प्रथिनाचे आणि स्निग्धाचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, म्हणून दूध पांढरे दिसते. रंग पाहून कॅल्शियमची पारख करू गेल्यास तांबूस नाचणी आणि काळे तीळ हातचे जातात.

आता हाडांकडे वळू. हाड म्हणजे चुन्याचा निर्जीव खांब ही कल्पना इतकी रुजली आहे, की हाडालाही रक्तपुरवठा असतो हे सांगावे लागते. जेवणातले एक हाड स्वच्छ करून काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे: त्यातील खनिज विरघळून जाते आणि मागे उरते ते कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे, हाडाचाच आकार धारण केलेले, बोटांनी वाकविता येणारे एक लवचीक अंग. या प्रथिनाच्या जाळीत कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक बसविलेले असतात, आणि एका जातीच्या पेशी हे बांधकाम सतत उकरीत असतात तर दुसऱ्या जातीच्या पेशी ते पुन्हा रचीत असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरसाल असा नव्याने घडतो.

प्रौढ शरीरात सुमारे एक ते सव्वा किलो कॅल्शियम असते आणि त्यापैकी शेकडा ९९ भाग हाडे व दात यांत असतो. उरलेल्या एका भागावर हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, रक्ताचे गोठणे आणि मज्जातंतूंचे संदेश चालतात, आणि त्याच्या बाबतीत शरीर कसलीही तडजोड करीत नाही. हाडे हा जर खजिना मानला, तर रक्त ही रोजची चालू शिल्लक होय. ही शिल्लक १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आत राहिली पाहिजे, असा शरीराचा सक्त दंडक आहे. ती किंचित घटली, की गळ्यातील परावटू ग्रंथींचे संप्रेरक हाडांच्या खजिन्यातून रक्कम उचलण्याचा, मूत्रपिंडांनी गळती रोखण्याचा आणि ड जीवनसत्त्वाच्या मार्फत आतड्यातून वसुली वाढविण्याचा हुकूम सोडते. यावरून एक मोठा गैरसमज आपोआप दूर होतो. रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम ठीक आले म्हणजे हाडे ठीक आहेत, असे मानून पुष्कळजण निश्चिंत होतात. वस्तुतः शिल्लक बरोबर दिसते ती कित्येकदा खजिना रिता होत असल्यामुळेच. ऋतुनिवृत्तीनंतर ज्या स्त्रियांची हाडे विरळ होत जातात, त्यांच्या रक्तातील कॅल्शियम बहुधा अगदी व्यवस्थित असते. हाडांची घनता पाहावयाची तर तिच्यासाठी निराळी क्ष-किरण तपासणी करावी लागते.

त्या एका टक्क्याचे सामर्थ्य जगाला प्रथम कळले ती हकीकत मला विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत रम्य हकीकतींपैकी एक वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सिडनी रिंगर हे वैद्य बेडकाचे काढलेले हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून त्याच्या ठोक्यांचा अभ्यास करीत होते, आणि १८८२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांवरून असे दिसत होते, की निव्वळ मिठाच्या द्रावणात हृदय बराच काळ चालू राहते. पुढे त्यांच्या ध्यानी आले, की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेले नव्हतेच; ते न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलेले होते. खऱ्याखुऱ्या ऊर्ध्वपातित पाण्यात द्रावण करताच हृदय मंदावले आणि थांबले. त्यात कॅल्शियमचा अल्पांश घालताच ते पुन्हा आकुंचन पावू लागले. नळाच्या पाण्यातील ज्या क्षाराला आपण भांड्याच्या बुडाशी बसलेला पांढरा थर म्हणून घासून काढतो, त्यानेच हृदय चालत होते. १८८३ साली रिंगर यांनी हे सारे स्वच्छपणे मांडले, आणि आज रुग्णालयात आरएल या नावाने जी सलाईनची बाटली टांगली जाते, ती त्यांच्याच द्रावणाची, पुढे हार्टमन यांनी लॅक्टेट घालून सुधारलेली आवृत्ती होय.

साठा भरपूर असूनही व्यवहार अडला म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर गोठ्यात जावे. भरपूर दूध देणारी, तिसऱ्या-चौथ्या वेताची गाय व्याली, कासेत चीक उतरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठेचना: मान कुशीकडे वळविलेली, कान थंडगार, डोळे निस्तेज. या विकाराला दुग्धज्वर म्हणतात, परंतु त्यात ताप नसतो, अंग उलट गारच पडते. १० लिटर चिकात २० ग्रॅमहून अधिक कॅल्शियम बाहेर पडते, आणि गायीच्या रक्तात ते एका वेळी असते जेमतेम ३ ग्रॅम. हाडांत किलोंनी साठा असूनही तो मोकळा करण्याची यंत्रणा या अकस्मात मागणीला तत्क्षणी पुरी पडत नाही. जनावरांचे डॉक्टर येतात, मानेच्या शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली अगदी सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत ऐकत चढवितात, कारण घाई केली तर तेच कॅल्शियम हृदय बंद पाडू शकते. आणि थोड्याच वेळात गायीच्या अंगावर थरथर येते, ती ढेकर देते, शेण टाकते आणि पुष्कळदा बाटली संपते न संपते तोच उभी राहते. या रोगाचे मूळ रक्तातील कॅल्शियमच्या घटीत आहे, हे मत एडिंबरो येथील ड्रायअर आणि ग्रेग यांनी १९२५ साली मांडले. आता यातील मर्म असे, की गाभण गायीला शेवटच्या दिवसांत कॅल्शियम भरभरून चारले तर हा रोग टळत नाही, उलट त्याचा संभव वाढतो. आयते मिळत राहिल्याने हाडांतून उचल करण्याची सवयच सुटते. म्हणून व्यायच्या आधी आहारातील कॅल्शियम आवरते ठेवावे आणि व्यायल्यानंतर द्यावे, ही रीत पशुवैद्यकात रूढ झाली.

माणसांच्या अंगावरील ‘खुणा’ मात्र थोडक्यात आटोपता येतील. नख हे केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते, त्यात कॅल्शियम नाममात्र. त्यावरील पांढरा ठिपका हा काही आठवड्यांपूर्वी नखाच्या मुळाशी बसलेल्या, बहुधा विसरून गेलेल्या माराचा असतो आणि नखाबरोबर पुढे सरकत निघून जातो. बोटे मोडताना येणारा आवाज सांध्यातील द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो. पाटीवरची पेन्सिल, खडू किंवा माती खाण्याच्या ओढीकडे मात्र हसून पाहू नये: तिचा संबंध अधिक करून लोहाच्या कमतरतेशी आढळतो, आणि अशा मुलाला कॅल्शियमचे औषध पाजून स्वस्थ बसणे म्हणजे त्याचा रक्तक्षय झाकून ठेवणे आहे.

दुधावाचून कॅल्शियम नाही, असे जाहिरातींनी आपल्या मनावर ठसविले आहे. गायीच्या वा म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५०, आणि न सोललेल्या तिळात हजाराच्या वर. अर्थात भाकरी किंवा तिळाची चटणी कोणी पेल्याने पीत नाही, आणि आकडा पाहून भुलूनही चालत नाही. नाचणीतील कॅल्शियमचा मोठा वाटा तिच्या सालीत असतो, तेव्हा वस्त्रगाळ सत्त्व काढताना तो चोथ्याबरोबर जातो. मोड आणून सबंध दाणा दळावा हे बरे. पालकात कॅल्शियम आहे, पण ते ऑक्सॅलेटने जखडलेले असल्यामुळे त्याचा शेकडा पाचच्या आसपास भागच अंगी लागतो, दुधातील मात्र शेकडा तीसच्या घरात. चुना खाल्ल्याने सर्व रोग बरे होतात, अशी जी वचने हातोहात फिरतात, त्यांच्याविषयी मला कळकळीने सांगावयाचे आहे. चुन्यात कॅल्शियम आहे यात संशय नाही; परंतु तो तीव्र दाहक अल्कली आहे, तंबाखूत मिसळला की निकोटीन मोकळे करून ते अधिक वेगाने अंगात भिनवितो, आणि त्याची लहानशी पुडी खेळता खेळता फुटून चुना डोळ्यांत उडाल्याने या देशातील कितीतरी मुलांची दृष्टी गेली आहे. अशा वेळी वेळ न दवडता डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि तसेच रुग्णालय गाठावे.

खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून रक्तात शिरते ते ड जीवनसत्त्वाच्या जोरावर, आणि हे जीवनसत्त्व उन्हाने त्वचेत घडते. ते नसेल तर शेकडा १० ते १५ इतकेच शोषले जाते, असेल तर ३० ते ४०. याचा एक जुना पुरावा महाराष्ट्रातीलच आहे. १९२१–२२ च्या सुमारास हचिसन आणि त्यांचे सहकारी पटेल व शहा यांनी नाशिक येथे मुडदुसाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असे आढळले, की पडदा पाळणाऱ्या सधन घरांतील, खाण्यापिण्याची ददात नसलेल्या मुलांत व स्त्रियांत हा विकार आहे, आणि निकृष्ट अन्नावर पण उघड्यावर वाढणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो नाही. त्या आधी दोनच वर्षे बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याने मुडदूस बरा करून दाखविला होता. येथे आणखी एक समजूत आड येते, ती ‘कोवळ्या उन्हा’ची: सूर्योदयाचे ऊन सुखद असते खरे, परंतु त्वचेत ड जीवनसत्त्व घडविणारे किरण त्यात फार थोडे असतात, ते पुरेसे मिळतात सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीनपर्यंत.

शेवटी मुतखडा. खडा कॅल्शियमचा निघाला म्हणून दूध-दही बंद करावे, हा तर्क इतका साहजिक आहे, की कित्येक वर्षे वैद्यकानेही तो मानला. १९९३ साली अमेरिकेत ४५,६१९ पुरुषांच्या पाहणीत असे दिसले, की आहारात कॅल्शियम अधिक घेणाऱ्यांना खडे कमी होतात. पुढे २००२ साली इटलीतील बोर्गी यांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट करून त्यांस पाच वर्षे दोन प्रकारच्या आहारांवर ठेविले: कमी कॅल्शियम खाणाऱ्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, आणि नेहमीइतके कॅल्शियम खाऊन मीठ व मांसाहार आवरणाऱ्या ६० पैकी १२ जणांना. कारण असे, की जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्सॅलेटला गाठून त्याला शौचावाटे बाहेर नेते; कॅल्शियम काढून घेतले तर ते ऑक्सॅलेट मोकाट होऊन मूत्रपिंडात पोहोचते. बोअरच्या जड पाण्यालाही असाच नाहक दोष दिला जातो. खडे होण्यास जड पाणी पिण्यापेक्षा पाणी कमी पिणे अधिक कारणीभूत ठरते.

गोळ्यांची गोष्ट मात्र अन्नासारखी नाही. ३६,२८२ अमेरिकन स्त्रियांच्या चाचणीत कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण शेकडा १७ ने अधिक आढळले, म्हणून त्या सहज गंमत म्हणून घेण्याच्या वस्तू नव्हेत. गर्भवतींना त्या दिल्या जातात त्याला सबळ कारण आहे: ज्यांच्या आहारात कॅल्शियम तोकडे असते, त्यांच्यात गरोदरपणी रक्तदाब वाढून होणारा घातक विकार त्याने कमी होतो. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅल्शियम चांगले शोषले जाते, त्यामुळे गोळी सकाळी एक आणि रात्री एक अशी जेवणाबरोबर घ्यावी. आणि कॅल्शियम लोहाच्या शोषणात आडवे येत असल्याने रक्तवाढीच्या गोळीत व तिच्यात निदान दोन तासांचे अंतर राखावे.