ऑनलाइन वर्गात चित्र दिसतं, मग आवाज का जात नाही?



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपण सगळे घाईघाईत ऑनलाइन शिकवायला लागलो. आता रोजचे ऑनलाइन वर्ग उरले नाहीत. पण अतिवृष्टीची सुट्टी, पालकसभा, सुट्टीतला अर्धा तास गोष्टींचा, शिवाय आपली स्वतःची प्रशिक्षणं, या निमित्तानं मीटिंगची लिंक येतेच. स्क्रीन शेअर करणं बहुतेकांना जमतं. अडतं ते आवाजापाशी. आपल्या लॅपटॉपवर कविता छान वाजत असते, चित्रं हलत असतात आणि पलीकडे मुलं मूकपट बघत असतात.

मोठ्यांच्या मीटिंगमध्ये हे लगेच कळतं. एका ऑनलाइन प्रशिक्षणात व्हिडिओ सुरू झाला आणि मिनिटभरात चॅटमध्ये "सर आवाज नाही", "आवाज येत नाहीये" अशी रांग लागली. दुसरीतलं मूल असं लिहीत नाही. ते शांत बसून हलणारी चित्रं बघतं. त्याला वाटतं, हे असंच असेल. आपल्यालाही वाटतं, वाह, काय लक्ष देऊन ऐकतायत! म्हणून लहान वर्गांना शिकवणाऱ्यांनी हा विषय जरा नीट समजून घ्यावा असं मला वाटतं.

आवाजाचे दोन रस्ते

मीटिंगमध्ये तुमचं बोलणं माइकमधून जातं. कॉम्प्युटरवर वाजणारं गाणं मात्र कॉम्प्युटरच्या आत तयार होतं आणि तिथून स्पीकरकडे जातं. हे दोन रस्ते वेगळे आहेत. मीटिंगचं ॲप फक्त माइकचा रस्ता आपणहून उघडतं. दुसरा रस्ता तुम्ही सांगितल्याशिवाय उघडत नाही. स्क्रीन शेअर केली म्हणजे चित्र गेलं, एवढंच.

मग प्रश्न येतो की स्पीकर मोठा केला तर तोच आवाज माइकमध्ये शिरून पलीकडे जाणार नाही का? थोडा जातो, पण तुटक, पाण्याखालून आल्यासारखा. कारण ॲप तो मुद्दाम पुसत असतं. १५ ऑगस्टला माइक कर्ण्यासमोर आला की कशी कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते? कर्ण्याचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा कर्ण्यात, असं चक्र लागतं. ऑनलाइन मीटिंगमध्येही मुलांचा आवाज तुमच्या स्पीकरमधून निघून तुमच्या माइकमध्ये शिरला असता आणि त्यांना स्वतःचंच बोलणं पुन्हा ऐकू आलं असतं. ते होऊ नये म्हणून स्पीकरवर काय वाजतंय यावर लक्ष ठेवलं जातं आणि माइकमध्ये तसाच आवाज आला की तो वजा केला जातो. तुमची कविताही त्यात वजा होते. जे उरतं त्यातली पेटी, तबला, पावसाचा आवाज वगैरे गोंगाट समजून आणखी दाबलं जातं, कारण ॲपचा सगळा भर माणसाच्या बोलण्यावर असतो. आणि तुम्ही हेडफोन लावला असेल तर माइकला ऐकायला काही उरतच नाही.

एक गंमत करून बघा. तीच कविता लॅपटॉपऐवजी शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या मोबाइलवर लावा. पलीकडे ती बरी ऐकू जाते. त्या मोबाइलवर काय वाजतंय हे लॅपटॉपला ठाऊक नसतं, म्हणून तो ते वजा करत नाही. अगदी अडचणीच्या वेळी हा उपाय चालतो. रोजच्यासाठी नाही.

कारण पहिली-दुसरीत आवाज हाच धडा असतो. साल आणि शाल, वेळ आणि वेल, मन आणि मण, पाट आणि पाठ हे वेगळे ऐकू आले तरच मूल ते वेगळे म्हणेल आणि वेगळे लिहील. त्यात स आणि श यांचा फरक कळतो तो आवाजाच्या उंच पट्टीतल्या सूं-शूं मधून. जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा आणि स-श ची बरीचशी ओळख त्याच्या वर असते. म्हणून तर फोनवर नाव सांगताना "सशातला स" असं सांगावं लागायचं. स्पीकरमधून हवेत, हवेतून माइकमध्ये, तिथून गाळणीतून गेलेल्या आवाजाचीही तीच गत होते. मोठ्या माणसाला शब्द आधीच माहीत असतो, त्यामुळे तो गाळलेली जागा मनातच भरतो. नवीन शब्द शिकणाऱ्या मुलाकडे भरायला काहीच नसतं.

झूम वापरत असाल तर

कॉम्प्युटरवर 'शेअर स्क्रीन' दाबल्यावर जी खिडकी उघडते तिच्या खाली डाव्या बाजूला 'शेअर साऊंड' असा चौकोन दिसतो. जुन्या आवृत्तीत त्याला 'शेअर कॉम्प्युटर साऊंड' म्हणायचे. तिथे बरोबरची खूण करा आणि मगच शेअर करा. विसरलात तरी शेअरिंग बंद करायची गरज नाही, वरच्या पट्टीत 'मोअर' मध्ये तोच पर्याय असतो.

त्याच्या शेजारी 'ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप' आहे. बरेच जण दोन्हीकडे खुणा करून मोकळे होतात. ही दुसरी खूण व्हिडिओ अडखळू नये म्हणून आहे. पण ती तशीच ठेवून पुढे पुस्तकाचं पान दाखवलंत तर अक्षरं पुसट दिसू शकतात. व्हिडिओ संपला की ती काढा.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा पर्याय मात्र फारसं कुणी वापरत नाही. शेअर स्क्रीनच्या खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' नावाचा भाग आहे, त्यात 'कॉम्प्युटर ऑडिओ' असा पर्याय मिळतो. यात स्क्रीन जातच नाही, फक्त आवाज जातो. बालगीत, श्रवणगोष्ट, प्राण्यांचे आवाज ओळखा, असल्या उपक्रमांना चित्र कशाला हवं? मुलं डोळे मिटून ऐकतात आणि पालकांचा डेटाही वाचतो. ज्या घरात दीड जीबीच्या रिचार्जवर तिघांचं भागतं तिथे हे लहानसहान नाही.

गूगल मीटची गोष्ट वेगळी

मीटमध्ये शेअर करताना तीन वाटा दिसतात: टॅब, विंडो आणि पूर्ण स्क्रीन. आवाजासाठी भरवशाची वाट एकच, टॅबची. टॅब निवडल्यावर त्याच खिडकीत खाली 'टॅब ऑडिओ' शेअर करायचं बटण असतं, ते चालू आहे ना एवढं पाहा. विंडो निवडली तर आवाजाचा भरवसा धरू नका. पूर्ण स्क्रीनसोबत आवाज पाठवायची सोय नवीन क्रोममध्ये विंडोजवर दिसते, पण प्रत्येकाच्या मशीनवर ती असेलच असं नाही. आणि हे सगळं क्रोम किंवा एज या ब्राउझरमधलं आहे. फायरफॉक्समधून मीट उघडलं असेल तर टॅबचा आवाज पाठवताच येत नाही. पुष्कळांची तासाभराची डोकेफोड एवढ्या एका कारणानं होते.

आता यूट्यूब किंवा दीक्षावरचा व्हिडिओ टॅबमध्येच उघडतो, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा मजकूरही ब्राउझरमध्ये पाहता येतो, तेव्हा तिथे अडचण नाही. पण पेन ड्राइव्हमधल्या गाण्याचं काय? सोपं आहे. ती फाइल माउसनं ओढून क्रोमच्या रिकाम्या टॅबवर सोडा. एमपीथ्री आणि एमपीफोर दोन्ही तिथेच वाजतात. मग तो टॅब शेअर करायचा.

पॉवरपॉइंटच्या स्लाइडमध्ये आवाज घातलेला असतो तेव्हा खरी पंचाईत होते. ती स्लाइड विंडो म्हणून शेअर होते आणि आवाज मागे राहतो. तेव्हा सादरीकरण गूगल स्लाइड्समध्ये नेऊन टॅबमधून दाखवा, नाहीतर आवाजाची फाइल वेगळ्या टॅबमध्ये ठेवून वेळेला तिकडे जा. एक टॅब शेअर केलेला असताना दुसऱ्या टॅबवर गेलात की वर 'शेअर धिस टॅब इन्स्टेड' असं बटण येतं, ते दाबायचं.

मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये 'शेअर' उघडल्यावर आवाजासह पाठवायचं एक बटण दिसतं, ते चालू केलं की झालं.

हल्ली अनेक जण मोबाइलवरूनच वर्ग घेतात. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये एका ॲपचा आवाज दुसऱ्या ॲपला देण्याची सोय आली, त्यामुळे झूमवर स्क्रीन शेअर करताना आवाजाचं बटणही मिळतं. पण ज्या ॲपनं स्वतःचा आवाज द्यायला मनाई केली आहे त्याचा आवाज जात नाही. म्हणून एका ॲपमधलं गाणं जातं आणि दुसऱ्यातलं जात नाही असा घोळ दिसला तर फोन बिघडला असं समजू नका. हातात लॅपटॉप असेल तर आवाजाचा तास त्यावरच घ्या.

व्हिडिओ चालू असताना

कॉम्प्युटरचा आवाज शेअर केल्यावर आपला माइक बंद करा. "माइक बंद केला तर व्हिडिओचा आवाजही बंद होईल ना?" हा प्रश्न मला सहकारी शिक्षक नेहमी विचारतात. नाही होत. वर म्हटलं तसे रस्ते दोन आहेत. उलट माइक चालू राहिला तर घरातल्या कुकरची शिट्टी कवितेत मिसळते. व्हिडिओच्या स्वतःच्या आवाजाची पट्टी पूर्ण वर ठेवा, ती कमी असेल तर मुलांपर्यंतही कमीच आवाज जातो.

झूममध्ये आवाज शेअर केला की कॉम्प्युटरवर जे जे वाजेल ते सगळं जातं. व्हॉट्सॲप वेब उघडं असेल तर त्याची टुंगटुंगसुद्धा. तेव्हा तास सुरू होण्याआधी बाकीचं बंद केलेलं बरं. मीटमध्ये टॅब शेअर केला तर फक्त त्याच टॅबचा आवाज जातो, हा त्याचा एक फायदा.

आणि मुलांना सगळ्यांचे माइक चालू ठेवून एका सुरात गायला लावू नका. आवाज पोहोचायला प्रत्येक घरी वेगवेगळा उशीर लागतो, त्यामुळे कविता म्हणण्याऐवजी कल्ला होतो. सगळ्यांचे माइक बंद, गाणं चालू, मुलांनी घरी मोठ्यानं म्हणायचं. मग एकेकाचा माइक उघडून ऐकायचं. याला वेळ लागतो, पण कोण शाळा म्हणतंय आणि कोण साळा, हे त्यातूनच कळतं.

पोहोचला की नाही हे ओळखायचं कसं?

"आवाज येतोय का मुलांनो?" असं विचारलं की "हो ऽऽ" असंच उत्तर येतं. मुलांना तुमचं बोलणं ऐकू येत असतं ना! ती त्यालाच हो म्हणतात. त्याऐवजी फक्त आवाजातच आहे आणि चित्रात नाही असं काहीतरी विचारा. कोंबडा किती वेळा आरवला? आजीनं हाक मारली ती कुणाला? पाऊस आधी आला की ढग आधी गडगडले? पहिली अर्धी मिनिटं वाजवून थांबायचं, असा एक प्रश्न टाकायचा, तीन-चार मुलांची उत्तरं घ्यायची आणि मग पुढे जायचं. दोघांनी जरी गोंधळून पाहिलं तरी खूण तपासा.

त्याच्याही आधी, तास सुरू व्हायच्या दहा मिनिटं अगोदर, घरातला दुसरा मोबाइल विद्यार्थ्यासारखा त्याच मीटिंगमध्ये घ्या. वायफायवर नको, मोबाइल डेटावर, कारण मुलांकडे तोच असतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, एकाच खोलीत दोन्ही ठेवले तर १५ ऑगस्टची शिट्टी वाजेल. गाणं लावा आणि पलीकडे जाऊन ऐका. स आणि श वेगळे कळतायत का, तेवढं बघा.

पालकांसाठी

मीटिंग चालू असताना मोबाइलच्या आवाजाची पट्टी गाण्यांची नसते, कॉलची असते. म्हणून मीटिंगमध्ये गेल्यावरच बटण दाबून आवाज वाढवा, आधी वाढवून उपयोग होत नाही. आवाज फार बारीक येत असेल तर तो कानाला लावायच्या स्पीकरमधून येत असेल, स्क्रीनवरचं स्पीकरचं चिन्ह दाबा. ब्लूटूथ इअरफोन माइकसकट जोडला की अनेकदा त्याचा आवाज उतरतो, गाणी ऐकताना जेवढा स्वच्छ असतो तेवढा राहत नाही. मुलासाठी साधा वायरचा इअरफोन बरा. आवाज बेताचा ठेवा, लहान कान आहेत.

तासाला पहिली दोन मिनिटं तुम्ही शेजारी बसलात तर फार मदत होईल. व्हिडिओ चालू झाला आणि आवाज आला नाही तर मुलाच्या वतीनं माइक उघडून लगेच सांगा. तासाचा खोळंबा होईल म्हणून गप्प बसू नका. आणि ज्या घरात फोन बाबांसोबत कामावर जातो, तिथल्या मुलांसाठी आपण शिक्षकांनी गाण्याची किंवा गोष्टीची तीच ऑडिओ फाइल वर्गाच्या ग्रुपवर टाकायची, सोबत तेच दोन प्रश्न लिहून. रात्री जेवणं झाल्यावर मूल ऐकेल आणि उत्तर आपल्याच आवाजात पाठवेल.