खडीच्या वाटेवरचे मुसाफिर

जुलैच्या सुरुवातीला आम्ही कॅनडात भाईजानकडे गेलो आणि त्यांच्या कॅम्परमधून डेम्पस्टर हायवेला लागलो. डॉसन शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर सुरू होणारा हा रस्ता इनुविकपर्यंत जवळपास ७४० किलोमीटर, बहुतेक सगळा खडीचा. खालची जमीन बारमाही गोठलेली. ती वितळून रस्ता खचू नये म्हणून वर खडीचा जाड थर. वाटेतला पहिला पेट्रोलपंप ईगल प्लेन्सला, ३६९ किलोमीटरवर.

त्याच्या अलीकडेच टायर फुटला. जादा टायर एकच. तो बसवला, पण मुलं गप्प झाली. पुन्हा फुटला तर? समोरून येणारा ट्रकवाला न बोलावता थांबला, नट तपासले, "सावकाश चालवा" म्हणाला आणि निघून गेला. आम्ही तिथंच जोहरची कसर नमाज पढलो. दुआत तोही होता.

पील आणि मॅकेन्झी नद्या फेरीबोटीने ओलांडून इनुविक गाठलं. तिथली छोटी मशीद २०१० साली विनिपेगहून ट्रक आणि बार्जवरून सुमारे ४००० किलोमीटर आणलेली. रात्री बारालाही ऊन होतं. भाईजान म्हणाले, "अख्खी मशीद इथवर आली, आपली काय कथा!"

मुलं हसली. परतीला मात्र आम्ही दोन जादा टायर घेतले.