तीरातीराने, टप्प्याटप्प्याने

प्रवास म्हटला की वाहन, निवास आणि खर्च यांचे गणित आधी मनात येते. जबलपूरचे चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांनी हे गणित निराळ्या रीतीने सोडविले.

अमरकंटकपासून समुद्रापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवून दोन्ही तीर चालायचे असतात. म्हणजे अंतर दुप्पट. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले वेगड जबलपूरला कलाशिक्षक होते. नोकरी सोडून सलग परिक्रमा करणे शक्य नव्हते. म्हणून १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ती खंडशः आरंभिली. सुटीत निघावे, झेपेल तेवढे चालावे आणि परतावे. पुढील खेपेस तेथूनच पुढे. जणू आवर्ती ठेवीचा हप्ताच! सामान पाठीवर, मुक्काम धर्मशाळेत, मंदिरात वा कुणाच्या ओसरीवर. परिक्रमावासीयांना शिधा देण्याची 'सदावर्ता'ची परंपराही या तीरांवर आहे. पुढे पत्नी कांताबेनही सोबत चालू लागल्या. २००२ मध्ये, पंचाहत्तरीकडे झुकलेले वेगड पत्नीसह पुन्हा नर्मदातीरी निघाले.

जबलपूर ते मंडला हा वेगडांचा पहिला टप्पा. बरगी धरणाच्या जलाशयात पुढे त्या वाटेचा मोठा भाग बुडाला. निवृत्तीनंतर पाहू, असे म्हणून ते थांबले असते, तर ती वाट त्यांना कधीच लाभली नसती. निवृत्तीसाठी बचत अवश्य करावी. मात्र मनातील प्रवासाचा पहिला हप्ता आजच भरावा.