कृष्णविवरातून ऊर्जा बाहेर येते तेव्हा

भाद्रपदाच्या अखेरीस पाऊस उघडला की नेवाशातून रात्री आठच्या सुमारास दक्षिणेच्या आकाशात धनू रास दिसते. त्याच दिशेला, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात एक कृष्णविवर आहे. त्याचे वस्तुमान ४० लाख सूर्यांएवढे. १२ मे २०२२ रोजी त्याचे पहिले छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात मध्ये काळोख आणि भोवती तेजस्वी कडे दिसते. कृष्णविवर प्रकाशही गिळते, मग हे कडे कशाचे?

गिळण्याचा नियम लागू होतो तो घटना क्षितिज या सीमेच्या आत. त्याबाहेर असलेला वायू सरळ आत कोसळत नाही. तो गोल फिरत, घर्षणाने तापत आत सरकतो. ताऱ्याएवढ्या कृष्णविवराभोवती त्याचे तापमान लाखो अंशांवर जाते आणि त्यातून क्ष-किरण निघतात. सूर्यात हायड्रोजनचे मीलन होते तेव्हा वस्तुमानाच्या केवळ ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. कृष्णविवराकडे घसरणाऱ्या वायूतून ६ ते ४२ टक्क्यांपर्यंत ऊर्जा मिळू शकते. कृष्णविवर जितके वेगाने फिरते, तितका हा आकडा मोठा.

या फिरण्यातच पुढची गंमत आहे. नेवासा तालुक्यात प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते. पुराच्या पाण्यात भोवरा पडला की जवळ आलेली काटकी त्याच्यासोबत फिरू लागते. फिरणारे कृष्णविवर तर भोवतालचे अवकाशच फिरवते. क्षितिजाबाहेरच्या एका पट्ट्यात कोणतीही वस्तू स्थिर राहूच शकत नाही, मात्र तेथून बाहेर पडता येते. या पट्ट्याला एर्गोस्फिअर म्हणतात.

या पट्ट्यात एका कणाचे दोन तुकडे झाले तर? १९६९ मध्ये रॉजर पेनरोझ यांनी दाखवले, की एक तुकडा ऋण ऊर्जा घेऊन आत पडू शकतो आणि दुसरा मूळ कणापेक्षा जास्त ऊर्जा घेऊन बाहेर येऊ शकतो. वरची ऊर्जा कृष्णविवराच्या फिरण्यातून वजा होते.

कल्पना सुरेख होती, पण पुढच्या काही वर्षांतच अडचण लक्षात आली. त्यासाठी दोन्ही तुकडे एकमेकांपासून प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने दूर जायला हवेत. निसर्गात असे सहसा घडत नाही, म्हणून ही प्रक्रिया निरुपयोगी मानली गेली.

तिला नवे जीवन दिले ते संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच यांनी, १९८५ च्या शोधनिबंधात. दधीच तेव्हा पुणे विद्यापीठाच्या गणित विभागात होते. पुढे ते पुण्यातील ‘आयुका’चे संचालक झाले. तिघांनी हिशेबात चुंबकीय क्षेत्र घेतले. चुंबकीय क्षेत्रात फिरणारे कृष्णविवर एखाद्या जनित्रासारखे भोवती विद्युत क्षेत्र तयार करते. विद्युतभारित तुकड्याला ऋण ऊर्जा मिळवून देण्याचे काम हे क्षेत्रच करते, त्यामुळे वेगाची अट उरत नाही. पुढच्याच वर्षी पार्थसारथी यांच्यासह त्यांनी दाखवले, की कार्यक्षमता १०० टक्क्यांहून अधिक होऊ शकते. म्हणजे शंभर रुपये टाकून दोनशेहून अधिक घेण्यासारखे. वरचे सगळे कृष्णविवराच्या खात्यातले.

प्रत्यक्षात असे घडते का, हे अजून थेट पडताळलेले नाही. मात्र एम ८७ या दीर्घिकेतील कृष्णविवराजवळ सुसूत्र चुंबकीय क्षेत्र असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतिमेतून दिसले. त्या दीर्घिकेच्या केंद्रातून हजारो प्रकाशवर्षे लांबीचा कणांचा झोत बाहेर पडतो. अशा झोतांमागे चुंबकीय क्षेत्राने खेचून घेतलेली फिरण्याची ऊर्जा असावी, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पृथ्वीवर येऊन आदळणाऱ्या अतिशय ऊर्जावान वैश्विक किरणांचा उगमही अशाच प्रक्रियेत असेल का, याचा अभ्यास दधीच व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे केला.

हे खाते अमर्याद मात्र नाही. ऊर्जा जाईल तशी कृष्णविवराची गिरकी मंदावते. त्याच्या एकूण वस्तुमान-ऊर्जेपैकी फार तर २९ टक्के बाहेर काढता येते. गिरकी थांबली, की देणेही थांबते.