दाढेतल्या ‘सिमेंट’ला पाणी लागतं

दाढेतलं सिमेंट निघालं की दोष चिक्कीवर जातो. चिक्की फक्त शेवटचा धक्का देते. त्याआधी कित्येक वर्षं लाळेचं काम चालू असतं.

ज्या पांढऱ्या भरणीला आपण सवयीने सिमेंट म्हणतो, ती आज बहुतेकदा कॉम्पोझिट असते, म्हणजे राळेत कालवलेली काचेची बारीक पूड. बिस-जीएमए ही त्यातली प्रमुख राळ. अमेरिकेतले संशोधक रफाएल बोवेन यांना तिचं पेटंट १९६२ मध्ये मिळालं. निळ्या प्रकाशाखाली राळेचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि मिश्रण घट्ट होतं. पण सगळेच रेणू गुंफले जात नाहीत. शिवाय घट्ट होताना भर किंचित आकसते आणि दाताच्या कडेवर ताण येतो.

या राळेत एस्टर बंध असतात, तेला-तुपाच्या रेणूंत असतात त्याच जातीचे. खरी अडचण इथेच आहे. हे बंध पाण्यानेही हळूहळू तुटतात आणि लाळेतली एस्टरेझ विकरं त्यांना आणखी वेगाने तोडतात. दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स या जिवाणूकडेही अशी विकरं असतात. म्हणजे ज्याने दात पोखरला, तोच भरही पोखरतो! काचेचे कण राळेला धरून ठेवणारा सिलेनचा थरही पाण्याने सैल होतो. मग कण सुटतात, पृष्ठभाग खरबरीत होतो, चहाचे डाग धरतो.

सर्वांत नाजूक जागा मात्र भर आणि दात यांच्या सांध्याची. तिथे राळ दातातल्या कोलॅजनच्या धाग्यांत मुरलेली असते. राळ विरली की हे धागे उघडे पडतात आणि दाताचीच विकरं त्यांना कुरतडू लागतात. त्या फटीत नवी कीड शिरते.

जुनी ‘चांदी’ या बाबतीत वेगळी होती. तिच्यात जवळपास निम्मा पारा असे. ती गंजायची, पण गंजातून तयार होणारी संयुगं कडेची फट बुजवत. पाऱ्यामुळे युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून तिचा सर्वसाधारण वापर थांबवला, आणि ते योग्यच झालं. पण फट आपोआप बुजवण्याचा तो गुण पांढऱ्या भरणीत नाही, हे रुग्णाला सांगायला हवं.

लाळ नुसती शत्रू मात्र नाही. झोपेत ती कमी सुटते, तेव्हा तोंडातलं कीड लावणारं आम्ल धुतलं जात नाही. म्हणून रात्री दात घासाच. दाताच्या डॉक्टरांकडे गेलात की जुन्या भरणीची कड मुद्दाम तपासून घ्या. रूट कॅनाल झालेली दाढ तर आतून किडली तरी ठणकत नाही. दुखण्याची वाट पाहू नका.