दारू, गाडी आणि शिक्षा

दारू पिऊन गाडी चालवताना पकडले तर काय होते, असे आपल्या वस्तीत कुणालाही विचारा. ‘काही नाही, दंड भरायचा आणि सुटायचे,’ असे उत्तर हमखास मिळते. हे उत्तर चूक आहे आणि त्याची किंमत आपल्याच घरांना मोजावी लागते. आपल्यापैकी कितीतरी जण रिक्षा, टेम्पो, ट्रक चालवून संसार करतात. कितीतरी जण रात्रपाळी करून रस्त्याच्या कडेने पायी घरी येतात, कामाच्या ठिकाणीच उघड्यावर झोपतात. उद्या आरोपीच्या पिंजऱ्यातही आपला माणूस असू शकतो आणि मृताच्या नातेवाइकांतही आपलेच घर असू शकते. म्हणून या कायद्याची दोन्ही बाजूंनी माहिती असावी, असे आम्हाला वाटते.

अपघात झाला नाही तरी गुन्हा

कुणाला साधा धक्काही लागला नाही, तरी नशेत गाडी चालवणे हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 185 त्यासाठी आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले की गुन्हा झाला. दुचाकी असो, रिक्षा असो की मोठी गाडी, माप एकच. ‘मला एका ग्लासाने चढत नाही’ हा बचाव कोर्टात चालत नाही. चढली की नाही हे कोर्ट विचारत नाही, रक्तात किती होती हे विचारते.

2019 च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त 2 हजार रुपये दंड होता. आता पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15 हजार रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय हा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही. कोर्टात उभे राहावेच लागते. रस्त्यातच मांडवली करून देतो म्हणणारा माणूस आपल्याला लुबाडत असतो, आणि लाच देणे हा आणखी वेगळा गुन्हा होतो.

शिक्षा वाचायची कशी?

कायद्याच्या भाषेतले तीन शब्द ध्यानात ठेवावेत. पहिला ‘पर्यंत’. सहा महिन्यांपर्यंत म्हणजे सहा महिने ही वरची हद्द झाली. न्यायाधीश त्याहून कमी देऊ शकतात, जास्त नाही. दुसरा ‘किंवा’. कैद द्यावी, दंड द्यावा की दोन्ही, हे न्यायाधीश गुन्ह्याचे स्वरूप पाहून ठरवतात. तिसरा शब्द ‘कमीत कमी’. तो आला की त्याखाली उतरता येत नाही.

हा तिसरा शब्द चालकाच्या पोटावर येतो. कलम 185 खाली दोषी ठरलेल्या माणसाला कोर्टाने कमीत कमी सहा महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवावे, असे याच कायद्याचे कलम 20 सांगते. नोकरदार माणूस सहा महिने बसने जाईल. पण ज्याची भाकरीच स्टिअरिंगवर आहे, त्याच्या घरात सहा महिने चूल कशी पेटणार? रिक्षाचा हप्ता थांबत नाही, मुलांची फी थांबत नाही. चोरून गाडी काढली, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहेतच. 10 हजारांच्या दंडापेक्षा ही शिक्षा कितीतरी मोठी आहे.

पोलिसांनी श्वासाची चाचणी मागितली तर ती द्यावी. नकार दिल्यास अटक होऊ शकते, रक्ताचा नमुना मागितला जातो आणि तो नकार कोर्टात आपल्याविरुद्ध जाऊ शकतो. आपल्यालाही हक्क आहेत. या कलमाखाली अटक झाल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास कोठडीतून सोडावे लागते. स्त्रीच्या रक्ताचा नमुना स्त्री डॉक्टरने किंवा एखाद्या स्त्रीच्या समक्षच घ्यावा लागतो, ती स्त्री डॉक्टर असो वा नसो. आणखी एक गोष्ट मालकांनी आणि मित्रांनी ऐकावी. प्यालेल्या माणसाला गाडी चालवायला चिथावणाऱ्याला किंवा जाणूनबुजून मदत करणाऱ्यालाही कलम 188 खाली तीच शिक्षा होऊ शकते.

फुटपाथवरची सात माणसे

माणूस मेला तर प्रश्न मोटार कायद्यापुरता राहत नाही. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे रस्त्याच्या कामावरचे मजूर फुटपाथवर झोपले होते. भरधाव मोटार त्यांच्या अंगावर चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के मद्य आढळले. म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या जवळपास चौपट.

सत्र न्यायालयाने 2007 मध्ये हयगयीने मृत्यू घडवल्याचे कलम लावून सहा महिने कैद आणि 5 लाख रुपये दंड ठोठावला. सात माणसांचे सहा महिने! त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कलम बदलले आणि सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षांची शिक्षा दिली. 12 जानेवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तीन वर्षे फारच थोडी आहेत, असेही न्यायमूर्तींनी नमूद केले. मात्र शिक्षा वाढवून मागणारे अपील सरकारने केले नव्हते, म्हणून ती वाढली नाही.

पुरावा तोच, माणूस तोच, मग सहा महिन्यांची तीन वर्षे कशी झाली? कलमामुळे. ‘हयगय झाली’ म्हटले की एक शिक्षा, ‘माणसे मरू शकतात याची जाणीव असूनही केले’ म्हटले की दुसरी. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तीत हयगयीने मृत्यूसाठी कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. पूर्वी ही हद्द दोन वर्षांची होती. सदोष मनुष्यवधाचे कलम 105 आहे. जाणीव सिद्ध झाल्यास त्यात दहा वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. हयगयीचा गुन्हा जामिनाचा, सदोष मनुष्यवधाचा बिनजामिनाचा. आरोपी दुसऱ्या दिवशी घरी आला म्हणजे तो निर्दोष सुटला असे नव्हे. जामीन म्हणजे खटल्याला हजर राहण्याची हमी, एवढेच.

आपले माणूस गेले तर

दुःखात कागद सुचत नाहीत, पण कलम कागदावरच ठरते. फिर्यादीची प्रत मागा, ती विनामूल्य मिळते. चालकाच्या रक्ताची तपासणी झाली का, पंचनाम्यात काय लिहिले, कोणते कलम लावले, हे विचारा. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावे, असा आता कायदाच आहे. आरोपी सुटला, किंवा त्याला हलक्या कलमाखाली दोषी ठरवले, तर पीडिताच्या कुटुंबाला स्वतः अपील करता येते. फक्त शिक्षा कमी वाटते म्हणून अपील करणे मात्र सरकारच्या हाती असते. त्यामुळे सरकारी वकिलांना वेळीच भेटत राहावे.

नुकसानभरपाईचा दावा वेगळा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करायचा, आणि आपण राहतो त्या भागातही करता येतो. फौजदारी खटला संपण्याची वाट पाहू नये, कारण कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. चालक प्यालेला होता असे ठरले, तर विमा कंपनी भरपाईची जबाबदारी नाकारू पाहते, किंवा दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. तेव्हा मालकाचे घरदारही पणाला लागते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी घरी बसू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, कोठडीतील व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हा दर्जा मिळाला आहे. तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात जावे, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा.

पंचशीलातले पाचवे शील आपण प्रत्येक मंगलकार्यात म्हणतो. 1956 साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही हळदीच्या रात्री आणि वरातीच्या मागे काय चालते, हे आपल्याला माहीत आहे. आमच्या माताभगिनींना आमची विनंती आहे. घरात कार्य ठरले की मांडवाची, जेवणाची यादी होते, तशीच गाड्यांच्या किल्ल्यांचीही करा. किल्ल्या न पिणाऱ्या माणसाच्या ताब्यात द्या, आणि पाहुणा कितीही रागावला तरी प्यालेल्याच्या हाती किल्ली देऊ नका.